छायाचित्र आणि चेहऱ्याची त्वचा

तुळशीची लग्ने लागली की बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या साऱ्या सीमाभागात छायाचित्रकारांच्या दुकानांतून वर्दळ वाढू लागते. कुणाला स्थळासाठी पाठवावयाचा फोटो हवा असतो. कुणाच्या घरी साखरपुडा ठरलेला असतो. कुणी सेवानिवृत्त गृहस्थ भिंतीवर लावण्याजोगी आपली एक चांगली तसबीर असावी म्हणून कोट घालून येतात. उन्हाळ्याच्या सुटीत कॅम्प भागातील ख्रिस्ती कुटुंबांतली मुले पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या पोशाखात येऊन बसतात. प्रत्येकाच्या खिशात आज मोबाईल आहे आणि त्यात शेकडो फोटो आहेत. तरीही काही प्रसंगांचे गांभीर्य असे असते, की त्यांसाठी माणूस अजूनही स्टुडिओची पायरी चढतो. निमित्त निरनिराळे असले, तरी खुर्चीवर बसल्यानंतर छायाचित्रकाराला केली जाणारी विनंती मात्र बहुधा एकच असते: "काका, फोटो जरा गोरा येऊ द्या हं!"

या विनंतीच्या मागे पुष्कळ काही दडलेले आहे. अशा फोटोसाठी साडी महिनाभर आधी निवडली जाते, दागिने मावशीकडून मागून आणले जातात, कोटाला इस्त्री होते. परंतु ज्या चेहऱ्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या त्वचेची आठवण होते ती आदल्या संध्याकाळी. मग घाईघाईने ब्लीच केले जाते, शेजारणीने सांगितलेला लेप लावला जातो, कुठल्या तरी डबीतील मलम चोळले जाते आणि सकाळी आरशात दिसतो तो लालबुंद, पुरळ उठलेला चेहरा. वस्तुतः छायाचित्रासाठी त्वचेची तयारी करणे म्हणजे तिला स्वच्छ, मऊ आणि शांत ठेवणे. ती तयारी कुणालाही साधण्यासारखी आहे. रंग पालटण्याचा उद्योग मात्र निराळा आहे, आणि तो कधी कधी थेट जिवावर बेततो.

कॅमेऱ्याला काय दिसते?

त्वचेवर पडलेला प्रकाश दोन वाटांनी परत येतो. त्यातील थोडासा भाग, शंभरातील सुमारे चार-पाच अंश, त्वचेच्या वरच्या पृष्ठभागावरूनच आरशावरून यावा तसा उलटतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, निरनिराळ्या थरांतून विखुरतो आणि त्वचेचा स्वतःचा रंग घेऊन बाहेर येतो. पहिल्या प्रकाशाला आपण चकाकी म्हणतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर तेलाचा किंवा घामाचा थर असला, की तेथे पांढरे ठिपके चमकतात आणि त्यांच्याखालचा चेहरा हरवतो. चकाकी गोऱ्या चेहऱ्यावर असते तेवढीच सावळ्या चेहऱ्यावरही असते. परंतु सावळ्या रंगाच्या शेजारी ती अधिक उठून दिसते. म्हणून सावळ्या चेहऱ्याचे छायाचित्र बिघडते, तेव्हा अपराधी पुष्कळदा ही चकाकीच असते, आणि ती एका टिपकागदाने आवरता येते.

दुसरे असे, की कोरड्या त्वचेवरील सुटलेले बारीक पापुद्रे डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत. कडेने येणाऱ्या प्रकाशात कॅमेरा मात्र प्रत्येक पापुद्र्याची सावली टिपतो. त्यामुळे चेहरा खडबडीत व थकलेला भासतो.

तिसरी गोष्ट प्रकाश मोजण्याची. कॅमेऱ्यातील मापक यंत्र समोरचे सारे दृश्य सरासरी मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालते. पांढऱ्या शुभ्र झग्यातली नववधू पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहिली, की यंत्राला वाटते, उजेड फारच झाला; ते तो कमी करते आणि तिचा गव्हाळ चेहरा काळवंडून येतो. चेहरा तोच असतो; चुकलेले असते ते मोजमाप. जाणता छायाचित्रकार अशा वेळी कपड्यावरून उजेड न मोजता चेहऱ्यावरून मोजतो. ग्राहकानेही "गोरा काढा" असे म्हणण्याऐवजी "उजेड चेहऱ्यावरून मोजा" असे म्हटले, तर त्याचा अधिक उपयोग होईल.

दोष काचेचा, शिक्षा चेहऱ्याला

फोटोपूर्वी चेहऱ्यावर पांढऱ्या पावडरीचा थर देण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. तिच्या मागे रंगाविषयीची आपली आवडनिवड आहेच. परंतु छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रानेही तिला खतपाणी घातले आहे.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होत. त्या काळच्या काचांवर जे रासायनिक लेपन असे, ते निळ्या प्रकाशाला तत्काळ दाद देई. तांबड्या प्रकाशाला मात्र ते जवळजवळ आंधळे होते. आपल्या त्वचेतील गव्हाळ, तांबूस आणि तपकिरी छटा या लेपनाला दिसतच नसत, आणि जे दिसत नाही ते छायाचित्रात काळे उमटते. उन्हात रापलेला कुणबी आणि लालसर गालाची मुलगी, दोघेही प्रत्यक्षापेक्षा काळे दिसत. गालावरचा फिकट तांबडा डागसुद्धा शाईच्या ठिपक्यासारखा येई. मग चेहऱ्यावर पावडर थापावयाची, आणि एवढे करूनही भागले नाही, तर छायाचित्रकाराने निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने हात फिरवावयाचा, अशी रीतच पडून गेली.

सर्व रंग ओळखणाऱ्या काचा १९०६ मध्ये इंग्लंडात विक्रीस आल्या. तथापि स्टुडिओवाल्यांनी जुन्या काचा पुढेही पुष्कळ वर्षे सोडल्या नाहीत. तांबडा प्रकाश न ओळखणारी काच तांबड्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांदेखत धुता येते, ही त्यांची सोय होती. रंगीत फिल्म आली तेव्हाही अडचण सर्वस्वी संपली नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी नमुना म्हणून एका गोऱ्या तरुणीचे चित्र पाठवीत असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ते जगभर प्रसिद्ध होते. त्या कार्डावरची कांती बरोबर उतरली, की छपाई बरोबर झाली असे समजत. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांतील बारीक छटा त्यात बुडून जात. पुढे फिल्ममध्ये सुधारणा झाली. तिला चालना मिळाली ती चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या उद्योगांच्या तक्रारींमुळे, असे त्याच कंपनीतील जुन्या जाणकारांनी सांगून ठेवले आहे. चॉकलेटच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार ऐकली गेली. माणसांच्या चेहऱ्यांची तक्रार करावी, हे मात्र फार थोड्यांना सुचले होते.

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. बडोद्यास त्यांचा धंदा बसला, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी आवई शहरात उठली होती. आज या समजुतीला आपण हसतो. परंतु कॅमेऱ्यापुढे जाण्यापूर्वी आपला स्वतःचा रंग लपवला पाहिजे, ही समजूत तिच्याहून फारशी शहाणी नाही. आजचा कॅमेरा तांबडे ओळखतो, तपकिरी ओळखतो. सावळ्या चेहऱ्याच्या सर्व छटा तो टिपू शकतो. काच सुधारली, सवय तेवढी मागे राहिली.

महिनाभराचे वेळापत्रक

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी तळाशी जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी झडून जातात. या प्रवासाला तरुण माणसाच्या बाबतीत साधारणतः चार आठवडे लागतात. वय वाढते तसा काळही वाढतो. म्हणजे फोटोच्या दिवशी जी त्वचा चेहऱ्यावर असावयाची, तिची घडण महिनाभर आधी सुरू झालेली असते. एका रात्रीत तिचे नूतनीकरण होत नाही. यास्तव तारीख ठरताच तयारीला लागावे, हेच उत्तम.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात येथील हवा ओलसर असते. परंतु कार्तिक-मार्गशीर्षात कोरडा वारा सुटला की ओठ फुटतात, गाल ओढल्यासारखे होतात, पोटऱ्यांवर पांढऱ्या रेषा उमटतात. फोटोंचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. म्हणून पहिला नियम असा: चेहरा दिवसातून दोनदा कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावा. कढत पाणी आणि अंगाचा कडक साबण चेहऱ्याला टाळावा, कारण त्वचेचा ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध अंश त्यांनी धुऊन निघतो. चेहरा टिपून, किंचित ओलसर असतानाच साधे, वास नसलेले मॉइश्चरायझर लावावे. ज्यांची त्वचा कोरडी आहे व ज्यांना मुरुमे येत नाहीत, त्यांना रात्री खोबरेल तेलाचे दोन थेंबही पुरतात. मुरुमांच्या चेहऱ्याला मात्र खोबरेल, साय आणि लोणी यांपासून दूर ठेवावे. त्यांनी रंध्रे बुजतात.

दुसरा नियम उन्हाचा. ऊन लागले की त्वचा मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अधिक तयार करते. ती त्वचेची ढाल आहे. आतील पेशींचे उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून निसर्गाने ती दिलेली आहे. उन्हात वावर जास्त झाला, की चेहरा व मान यांचे रंग वेगळे दिसू लागतात, जुने डाग गडद होतात. दुचाकीवरून निपाणी-चिकोडी करणाऱ्याने आणि शेतात राबणाऱ्यानेही महिनाभर तरी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात टोपी, पदर, रुमाल किंवा छत्री यांचा आश्रय घ्यावा आणि शक्य असल्यास तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणे तर अगदीच घातक. त्याने दाह होतो आणि पुढे महिनेच्या महिने न जाणारे काळे चट्टे उरतात.

तिसरा नियम संयमाचा आहे. मुरूम आले की बोटे तेथे जातात. परंतु आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा स्वभाव असा, की जेथे दाह होतो तेथे ती रंगद्रव्याचा डाग मागे ठेवते. न छेडलेले साधे मुरूम काही दिवसांत बसते. फोडलेल्या मुरुमाचा डाग कित्येक महिने टिकतो. मुरुमांची तक्रार नेहमीची असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मात्र त्या औषधांनाही गुण यावयास सहा ते आठ आठवडे किंवा अधिक काळ लागतो, हे ध्यानात ठेवून लवकर जावे.

पंधरा दिवस उरले, की नवीन प्रयोग बंद करावेत. जे काही नवे लावून पाहावयाचे, मग ते क्रीम असो, सनस्क्रीन असो वा उटणे, ते यापूर्वीच कोपराच्या आतील बाजूस तीन-चार दिवस थोडेसे लावून पाहिलेले असावे. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही, तरच चेहऱ्यावर. 'घरचे आहे म्हणजे निर्धोक आहे' हा समज खरा नाही. डाळीचे पीठ कोरडे घासले तर त्वचा खरचटते. खाण्याचा सोडा आणि दातांचे पेस्ट यांनी ती भाजल्यासारखी होते.

फेशियल, ब्लीच किंवा चेहऱ्यावरील केस काढणे हे फोटोच्या निदान पाच-सात दिवस आधी उरकावे, आणि ज्यांनी ब्लीच पूर्वी कधी केलेले नाही त्यांनी या वेळी त्याच्या वाटेस जाऊच नये. भुवया कोरून घ्यावयाच्या असतील तर दोन-तीन दिवस आधी. हळदीचा लेप मान्य असला, तरी त्याचा पिवळेपणा त्वचेवर एक-दोन दिवस रेंगाळतो आणि कॅमेरा तो लपवीत नाही. म्हणून एकट्याच्या फोटोसाठी हळद तीन दिवस आधी थांबवावी. लग्नघरची हळद ही गोष्ट वेगळी. तो पिवळेपणा त्या दिवसाचा अलंकारच असतो.

टिकलीविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. टिकलीच्या मागच्या डिंकातील काही रसायनांमुळे कपाळावर खाज सुटते, आणि काहींच्या बाबतीत तेथील रंगद्रव्यच नाहीसे होऊन पांढरा डाग पडतो. अशी शंका येताच टिकली बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा. तसे काही नसले तरी आदल्या दिवशी कपाळाला विश्रांती द्यावी.

निपाणीच्या वखारींत आणि घरोघरी विड्या वळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा स्त्रियांच्या बोटांवर तपकिरी डाग असतात. फोटोत हात मांडीवर येतात, म्हणून लाजेने दगडाने किंवा लिंबाने बोटे घासून घेतली जातात. त्याची गरज नाही. काम संपताच हात साबणाने धुवावेत, रात्री तेल चोळावे, नखे स्वच्छ कापावीत. एवढ्याने बोटे मऊ होतात. उरलेला डाग राहिला तर राहिला. ज्या हातांनी घर उभे केले, त्यांना तसबिरीत आपल्या खऱ्या रंगानिशी बसण्याचा अधिकार आहे.

गोरेपणाची डबी

आता त्या डबीकडे वळावयाचे, जिच्यावर 'सात दिवसांत उजळ कांती' असे लिहिलेले असते. खरोखरच सात दिवसांत कांती उजळली, तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. इतक्या झपाट्याने रंग उतरवणाऱ्या मलमांत बहुधा दोनपैकी एक पदार्थ असू शकतो.

पहिला पदार्थ म्हणजे स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्या कुळातील नावे. इसब किंवा तत्सम विकारांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही उत्तम औषधे आहेत. परंतु चेहऱ्यावर रोजची क्रीम म्हणून लावल्यास प्रथम रंग उजळतो, मग त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरुमे व लव वाढते. लावणे थांबवले की चेहरा आगीसारखा लाल होतो. म्हणून माणूस पुन्हा तीच डबी उघडतो. भारतातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर अशी मलमे वापरीत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरवले. कायदा झाला तरी "मागच्या वेळची तीच द्या" असे दुकानदाराला सांगणारे ग्राहक असतातच.

दुसरा पदार्थ याहून भयंकर आहे, तो म्हणजे पारा. मेलॅनिन तयार करणाऱ्या क्रियेलाच पाऱ्याचे क्षार अडवतात, म्हणून रंग उतरतो. परंतु पारा त्वचेवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुली २०२२ मध्ये गोरेपणाची एक क्रीम वापरीत होत्या. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तपासणीत कारण उघड झाले: त्या क्रीममध्ये पारा होता. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाच्या क्रीम लावल्याचे सांगितले. अंगावर सूज येणे आणि लघवीला फेस येणे ही या विकाराची लक्षणे. अशी क्रीम वापरणाऱ्याला ती दिसल्यास डबी बंद करावी आणि ती बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांची अल्प सवलत वगळता भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार पारा वापरण्यास बंदी आहे. नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हा येथे असे ठरवले, की २०२५ पर्यंत पारा मिसळलेली सर्व प्रसाधने बंद व्हावीत. परंतु ज्या डबीचा मालक कोण हेच ठाऊक नाही, तिला नियम कोण विचारणार? म्हणून ग्राहकानेच डोळे उघडे ठेवावेत. डबीवर उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी, उत्पादनाचा क्रमांक व मुदत नसेल. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक' किंवा 'कॅलोमेल' असा शब्द असेल. अथवा क्रीमचा स्पर्श सोन्याचांदीच्या दागिन्यांना होऊ देऊ नका अशी सूचना असेल, तर ती डबी घरात आणू नये. मग ती आठवडी बाजारात मिळालेली असो, पार्लरमध्ये असो, की परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने दिलेली असो.

फोटोचा दिवस

आदल्या रात्री जेवणात लोणचे-पापड आणि खारट पदार्थ बेताने असावेत. मिठाने अंगात पाणी धरते व सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसतो. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तांबेभर पाणी ढोसल्याने कांती तेज धरते याला आधार नाही. पुरेशी झोप मात्र खरोखर उपयोगी पडते.

सकाळी चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावावे व ते मुरण्यास अर्धा तास द्यावा. ओठांना किंचित तूप किंवा व्हॅसलिन लावून नंतर टिपून घ्यावे. पुरुषांनी दाढी घाईने, उलट्या दिशेने ओढून करू नये. केसांच्या दिशेने, काही तास अगोदर करावी, म्हणजे वस्तऱ्याची लाली उतरते. जस्ताचा किंवा टायटॅनियमचा अंश असलेले सनस्क्रीन आणि पांढरी पावडर फ्लॅशच्या झोतात चेहऱ्यावर पिठासारखी दिसतात; म्हणून स्टुडिओत त्यांचा थर नसावा. रंगप्रसाधन करावयाचेच असेल, तर ते मानेच्या रंगाशी जुळणारे असावे, नाहीतर मुखवटा लावल्यासारखे दिसते.

स्टुडिओत पोहोचताच खुर्चीवर बसू नये. उन्हातून आलेला माणूस पंधरा-वीस मिनिटे पंख्याखाली बसला, की घाम आणि लाली दोन्ही शमतात. चश्मा काढून फोटो हवा असेल तर तो लवकर काढून ठेवावा. नाकावरच्या खळग्या भरून यावयास वेळ लागतो. घाम रुमालाने पुसू नये, टिपकागदाने टिपावा. पूर्वीचे छायाचित्रकार स्टुडिओला उत्तरेकडील काचेची खिडकी ठेवीत, कारण उत्तरेचा उजेड थेट सूर्याचा नसतो. तो सौम्य आणि स्थिर असतो. आजही मोठ्या, मऊ आणि किंचित कडेने येणाऱ्या प्रकाशाचा आग्रह धरावा. अशा प्रकाशात चकाकी पसरून तिची कांती होते.

शेवटी संगणकावर हात फिरवण्याची वेळ येते. कालचे उठलेले मुरूम पुसण्यास हरकत नाही. ते आठवड्यात जाणारच होते. परंतु गालावरचा तीळ, कपाळावरची रेषा आणि अंगचा रंग यांना धक्का लावू नये, असे छायाचित्रकाराला आधीच सांगावे. स्थळासाठी पाठवलेला फोटो दोन छटा गोरा केला, की पुढे काय घडते हे पुष्कळ घरांनी अनुभवले आहे. पाहुणे येतात, पोह्यांची बशी घेऊन मुलगी बाहेर येते, आणि पहिल्याच नजरेत तिची तुलना सुरू होते ती तिच्याच फोटोशी. स्वतःच्या तसबिरीपुढे स्वतःच हरण्याची पाळी त्या मुलीवर तिच्या माणसांनीच आणलेली असते. फोटो खरा असता, तर ज्यांना ती पसंत नाही ते आलेच नसते, आणि जे आले असते ते तिलाच पाहावयास आले असते.

तसबीर भिंतीवर पुष्कळ वर्षे राहते. चेहरा बदलतो, माणूसही एक दिवस निघून जाते, मग नातवंडे त्या तसबिरीखाली उभी राहून विचारतात, "आजी अशीच दिसायची का गं?" त्या वेळी घरातल्या कुणालाही क्षणभर न अडखळता "हो, अगदी अशीच" असे म्हणता यावे. महिनाभर त्वचा सांभाळावयाची, ती या एका उत्तरासाठी.